चित्ररथावरचा मुसलमान

फेट्याचं कापड ओलसर असतानाच धरावं लागतं, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक टोक अब्बांच्या हातात असायचं, दुसरं माझ्या. आमचा बोळ अरुंद होता पण लांब होता, त्यामुळे सबंध कापड ताणून धरता यायचं. अब्बांनी मान हलवली की आम्ही दोघं एकदम ते झटकायचो. फट्ट असा आवाज व्हायचा आणि खळीचे शिंतोडे दोन्हीकडच्या भिंतींवर, कुणाच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर आणि मध्येच अडकलेल्या सायकलवाल्याच्या तोंडावर उडायचे. सायकलवाला कितीही घाईत असला तरी पाय टेकून उभा राहायचा, कारण ताणलेलं कापड ओलांडायचं नाही असा आमच्या बोळाचा रिवाज होता. मग आम्ही काठाकाठानं चुण्या घालत एकमेकांकडे सरकायचो, मधोमध भेटायचो, आणि माझ्या हातातलं टोक ते काढून घ्यायचे. लग्नसराईत हे सकाळी सुरू झालं की दुपारच्या जेवणापर्यंत चालायचं. आता माझे खांदे दुखतात तेव्हा डॉक्टर वय विचारतात. मी वय सांगते, कापडाचं सांगत नाही. एवढं ऐकायला त्यांना वेळ कुठला?

अब्बांचं नाव बाबालाल. कोल्हापुरात लग्न असो, कुस्तीचं मैदान असो की कुणाचा सत्कार असो, फेटे बांधायला बाबालालभाईच लागायचे. समोरच्याच्या डोक्याकडे ते एकदा नीट बघायचे, हनुवटीला दोन बोटं लावून मान सरळ करायचे, आणि बघता बघता तुरा उभा राहायचा. बांधताना बोलायचे नाहीत, कारण कापडाचं टोक दातात धरलेलं असायचं. त्यांचा स्वतःचा फेटा मोतिया रंगाचा. धोतर, पांढरा शर्ट, काळं जाकीट, पीळ दिलेल्या मिशा आणि डोक्यावर तो फेटा, हा त्यांचा रोजचा वेश. उंबऱ्याबाहेर ते बोडक्यानं कधी गेले नाहीत. मशिदीतसुद्धा फेटा बांधूनच नमाज पढायचे आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही, कारण आमच्यातले निम्मे म्हातारे तसेच यायचे. घरात आपसात आम्ही आमची मुसलमानी बोलायचो आणि दारात पाय टाकला की कोल्हापुरी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे. ती घरची बोली लिहायला बसले तर आता माझ्या नातवालाच कळायची नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. आमच्याकडे पावसानं अगदीच तोंड फिरवलं नव्हतं, पण पूर्वेकडची माणसं बायकापोरांसकट येऊन उचगावच्या अंगाला पालं ठोकून राहिली होती, आणि शहरात रेशनच्या दुकानापुढची रांग दिवसभर हलत नव्हती. दुकानात मिळायचा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि गार झाली की दात लागायचे नाहीत. म्हणून अम्मा ती तव्यावरून काढून तशीच गरम गरम पातळ डाळीत मोडायची. तांदूळ हाताला लागला तर भात व्हायचा, पण त्याची पेज आमच्या वाट्याला नव्हती. खळीला दुसरं काही मिळेना म्हणून अब्बा पेज निथळून घ्यायचे आणि त्यात फेटे बुडवायचे. "फेट्यास्नी पेज आणि आमास्नी चोथा," अम्मा पातेलं आपटत म्हणायची. अब्बा म्हणायचे, "फेटं ताठ ऱ्हायलं तर चोथा तरी मिळंल." हे भांडण रोजचं होतं. त्यात राग कमी आणि दमणूक जास्त होती.

आदल्या वर्षी पाकिस्तानशी लढाई झाली होती. जिंकल्याचे पेढे आमच्याही बोळात वाटले गेले होते आणि ते अब्बांनीच वाटले होते. तरी त्यानंतर परक्या पेठेत कुणी नाव विचारलं की अम्मा ते जरा हळू सांगायची. आमच्या बोळात मात्र तसलं काही नव्हतं. बोळाच्या तोंडाशी तालीम होती. तिथं मोहरमला पंजे बसायचे आणि भाद्रपदात गणपती बसायचा, दोन्ही एकाच कोनाड्यात. पंज्यांपुढे राबणारे निम्मे लोक मराठे असायचे आणि गणपतीचा फेटा अब्बांच्या हातचा असायचा. हे मी कौतुकानं लिहीत नाही. तेव्हा कौतुक करण्यासारखं त्यात काही आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

त्या तालमीत दत्तू नावाचा पैलवान होता. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं वाया गेली होती, म्हणून तो पिराला नवस बोलला होता, की पोर जिवंत हाताला लागेपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही. चांगली छातीपर्यंत आलेली काळीभोर दाढी घेऊन तो जोर मारायचा, आणि कुस्तीत तीच आधी कुणाच्या तरी हाताला लागायची, म्हणून वस्तादांनी त्याला मैदानात उतरणं बंद केलं होतं. त्याच्या बायकोला आता आठवा महिना होता. सगळा बोळ तिच्याकडे बघताना श्वास धरून असायचा.

अशा त्या सालात स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार होती. रौप्यमहोत्सवाच्या कमानी उभ्या राहू लागल्या. रॉकेलला रांग आणि कमानीला दिवे, असं म्हणून लोक हसायचे, पण कमानी बघायला जायचेही. आमच्या कोल्हापुरात तर झेंडा लागला तेव्हाही पुढं बरेच दिवस महाराजांचंच राज्य होतं. "आमचं सातंत्र्य जरा उशिरानं आलं, पण आलं की," असं अब्बा म्हणायचे, जशी काही ती चंदगडची एसटी होती. मिरवणुकीसाठी एक समिती झाली होती आणि तिचं काम नव्यानं बदलून आलेल्या एका साहेबांच्या गळ्यात पडलं होतं. बारीक अंगाचे, चष्म्याचे, पुण्याकडचं शुद्ध बोलणारे. माणूस प्रामाणिक होता, हे मी आज पन्नास वर्षांनीही सांगेन. दिवसभर उन्हात सायकल मारत पेठापेठांतून फिरायचे. "दुष्काळ आहे, महागाई आहे, लोकांची मनं खचली आहेत," ते म्हणायचे, "अशा वेळी आपण सगळे एक आहोत हे लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे." ते दिसावं म्हणून एकतेचा चित्ररथ निघणार होता. साखर कारखान्याकडून आणलेला ट्रक, मध्ये भारतमाता म्हणून कॉलेजातली एक मुलगी, आणि तिच्याभोवती एकमेकांचे हात धरून हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती. गॅरेजवाले एक सरदारजी आणि कोट घालणारे एक मास्तर आधीच ठरले होते. राहिलेली दोन माणसं आमच्या तालमीनं द्यायची होती.

एका संध्याकाळी मी तालमीसमोरच्या पायरीवर मिलो निवडत बसले होते. साहेब तालमीच्या कट्ट्यापुढे सायकलवरून उतरले. वस्तादांनी त्यांना पाणी दिलं. साहेबांची नजर फिरत फिरत अब्बांवर थांबली. फेटा, मिशा, धोतर. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वा! हा आपला हिंदू शेतकरी," ते म्हणाले. अब्बांनी जन्मात कधी नांगराला हात लावला नव्हता. मग साहेबांनी दाढी कुरवाळत बसलेल्या दत्तूकडे बोट केलं. "आणि हे आपले मुसलमान बांधव. उत्तम. अगदी उत्तम."

 वस्तादांनी अब्बांकडे बघितलं, अब्बांनी दत्तूकडे बघितलं, आणि दत्तूनं स्वतःच्या दाढीकडे बघितलं.

"दोन माणसं पायजेत न्हवं?" वस्ताद शेवटी म्हणाले. "ही दोन. ठरलं की मग."

साहेब गेल्यावर कट्टा असा हसला की पंज्यांच्या कोनाड्यातली कबुतरं उडाली. यात त्यांना फसवायचं असं कुणाच्या मनात नव्हतं. आमच्या लोकांची चूक एवढीच, की त्यांना ती चूक वाटलीच नाही. एक हिंदू उभा राहणार, एक मुसलमान उभा राहणार, दोघं हात धरणार. मग कोण कुठल्या बाजूला, याची पंचाईत कशाला? दत्तू तर खुशीत होता. पिराच्या नवसाची दाढी पिराच्या माणसाच्या वेशात मिरवली तर नवस लवकर पावेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

अम्मा मात्र हसली नाही. जेवताना म्हणाली, "गंध लावतील तुमास्नी."

"लग्नात लावत्यातच की," अब्बा म्हणाले. "पुसलं की गेलं."

"लग्नात हजार माणूस असतंय, तिथं सगळं गाव बघणार. पुसलं की जातंय व्हय सगळं?"

 अब्बा भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून खूप वेळ धरून बसले. त्यांनाही थोडं हसू येत होतं आणि थोडी काळजीही होती, असं मला आता वाटतं.

मिरवणुकीच्या दिवशी एका शाळेच्या आवारात सगळे जमायचे होते. लेझीमवाल्यांना, मावळे झालेल्या पोरांना, पुढाऱ्यांना, सगळ्यांना फेटे बांधायचे होते, म्हणून अब्बांबरोबर मलाही जावं लागलं. अम्मा नको म्हणत होती. "मीबी जातो, कापड कोण धरणार?" असं म्हणून मी निघाले. आम्ही पोरी तेव्हा 'जातो, येतो'च म्हणायचो. बारीक भुरभुर होती. कोपऱ्यावर जिलेबीची कढई चढली होती आणि इतक्या महागाईतही लोक पुडा बांधून नेत होते, कारण झेंड्याच्या दिवशी कोल्हापुरात जिलेबी खाल्ली नाही तर तो दिवस झाला असं वाटतच नाही. मी टोक धरत होते, अब्बा बांधत होते, एकामागून एक डोकी पुढं येत होती. पेजेची खळ हलकी पडली होती, तुरे उभे राहायला तयार नव्हते, तरी अब्बांनी ते उभे केले. आणलेलं सगळं कापड संपलं तेव्हा आवारभर केशरी, गुलाबी, हिरवे फेटे हिंडत होते आणि त्यातला प्रत्येक आमच्या बोळात झटकलेला होता. मला फार अभिमान वाटला. तो तसा सरळ वाटण्याचा माझा शेवटचा दिवस होता.

ट्रक तयार झाला. अब्बांच्या कपाळावर कुणीतरी गंधाचा टिळा ओढला. दत्तूला नाटकाच्या पेटीतली शेरवानी घातली होती, ती पाठीत उसवली होती. दोघं हात धरून उभे राहिले. पेपरचा फोटोग्राफर आला, फोटो काढण्याआधी म्हणाला, नावं सांगा.

"हिंदू?"

"बाबालाल पटवेगार," अब्बा म्हणाले.

त्याचं पेन थांबलं. "आणि मुसलमान?"

"दत्तात्रय ज्ञानू पाटील," दत्तू छाती काढून म्हणाला.

फोटोग्राफर पोट धरून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोघांना खाली उतरवलं आणि शाळेच्या व्हरांड्यात नेलं. वस्ताद गेले, मी गेले, बघता बघता बरीच माणसं गोळा झाली. साहेबांच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "अहो, तुम्ही मला सांगितलं का नाही? उद्या हे छापून आलं म्हणजे? कुणी म्हणेल मुसलमानांची चेष्टा केली, कुणी म्हणेल आमच्या माणसाला बाटवला. दिवस कसे आहेत! एवढ्याशा गोष्टीवरून गावं पेटतात." त्यांचं खोटं नव्हतं. पेपरात तसल्या बातम्या आम्हीही वाचत होतो.

"मग असं करूया," अब्बा शांतपणे म्हणाले. "दत्तूला हिंदू करा. मी मुसलमान हायच. हाय असा हुबा ऱ्हातो."

"असे?" साहेबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "असे कसे? लांबून बघणाऱ्याला कळणार कसं?"

"काय कळायचं हाय?"

"तुम्ही मुसलमान आहात ते!"

"हाय की मी."

"अहो, आहात. पण दिसत नाही ना."

 साहेबांनी पेटीतून लाल गोंड्याची टोपी काढली आणि एक काळी खोटी दाढी काढली. गंध पुसायचं, फेटा उतरवायचा, टोपी घालायची, दाढी चिकटवायची, मिशांचा पीळ काढायचा. शेरवानी दत्तूच्या अंगावरून उतरवून अब्बांना द्यायची. दत्तूला आता फेटा लागणार होता आणि कापड तर सगळं संपलं होतं. वस्तादांचा आवाज चढला. "साहेब, भर आवारात माणसाचा फेटा उतरवाय सांगताय? कोल्हापुरात? आमची दोन्ही माणसं चालली घरला. चला रं." चारदोन पैलवान बाह्या सरसावून पुढे झाले. तेवढ्यात दाराशी उभं असलेलं कोणीतरी बोललं. कोण ते मला दिसलं नाही, आणि आवाजही ओळखीचा नव्हता. "झेंड्याच्या दिवशी बी ह्यास्नी टोपी घालाय जड जातंय व्हय?"

ते 'ह्यास्नी' ऐकून अब्बांचा चेहरा बदललेला मी बघितला. सकाळपासून ते बाबालालभाई होते. हात उगारलेल्या पैलवानांकडे, घामाघूम साहेबांकडे आणि दाराशी वाढत चाललेल्या गर्दीकडे त्यांनी एकदा नजर फिरवली. आता इथं कुणी कुणाला ढकललं, तर उद्या त्याचं काय नाव पडणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. पैलवानांनी साहेबाला मारलं असं कुणी म्हणणार नव्हतं. मुसलमानानं झेंड्याला नकार दिला, असंच म्हणणार होते, आणि मग आमच्या बोळात राहायचं आम्हाला होतं.

"वस्ताद, गप ऱ्हावा," ते म्हणाले. "माझ्या डोक्यापायी भांडण नगं."

त्यांनी फेटा उचलून काढला. त्यांचं कपाळ निम्मं काळं आणि निम्मं पांढरं होतं, फेट्याखाली ऊन कधी लागलंच नव्हतं. मला फार लाज वाटली, त्यांना उघडं बघितल्यासारखी. त्यांनी घड्या सोडल्या, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन आवारात मागे चालत गेले, कापड ताणेपर्यंत. मी नेहमीप्रमाणे मान हलायची वाट बघत राहिले. ती हलली नाही. त्या दिवशी आम्ही कापड झटकलं नाही. मुकाट्यानं चुण्या घालत मधोमध आलो आणि माझ्या हातातलं टोक त्यांनी काढून घेतलं. मग दत्तूच्या हनुवटीला दोन बोटं लावून त्याची मान सरळ केली आणि तो मोतिया फेटा त्याला बांधला. दत्तू एवढा मोठा गडी, त्याच्या दाढीत पाणी उतरत होतं. सकाळपासून अब्बांनी बांधलेले सगळे फेटे तिथं उभे होते, आणि त्यातला एकही आमच्याकडे बघत नव्हता.

मिरवणूक महाद्वार रोडनं निघाली. मी गल्ल्यांतून पळत आमच्या बोळाच्या तोंडाशी अम्माजवळ जाऊन उभी राहिले. बायका पायऱ्यांवर दाटून बसल्या होत्या. ट्रक आला तेव्हा टाळ्या पडल्या, भारतमातेवर चुरमुरे उधळले गेले. आमच्या शेजारच्या तानीबाई, ज्यांच्या सांडग्यांवर आमची खळ उडायची, डोळे बारीक करून बघत होत्या. "आपला दत्तू झकास दिसतोय गं," त्या अम्माला म्हणाल्या. "आणि त्यो मुसलमान कुठला? लय लांबनं आणलेला दिसतोय." त्यांचा नातू दोन्ही हात वर करून ओरडला, "ओ पावणं! हिकडं बघा की! हात करा की!" पावणं म्हणजे बाहेरगावचा माणूस. पावण्यानं आमच्याकडे बघितलं आणि हात केला. अम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती तानीबाईंना काहीच बोलली नाही, आणि का कोण जाणे, मीही बोलले नाही.

अब्बा घरी आले तेव्हा दाढी निघेना. तो डिंक कसला होता कुणास ठाऊक. अम्मानं आधी पाण्यानं, मग गोडेतेलानं, शेवटी रेशनच्या रॉकेलचा बोळा फिरवून ती काढली. तिच्याबरोबर गालाची कातडीही निघाली. अम्मा रडत रडत शिव्या देत होती, साहेबाला, वस्तादाला आणि अब्बांनाही. अब्बा डोळे मिटून बसले होते. "साहेब वाईट न्हाय गं," ते म्हणाले. "भ्यालाय बिचारा." दत्तू फेटा दोन्ही हातांवर घेऊन दारात आला होता. तो आत येईना. अब्बांनी तिथूनच सांगितलं, "खुंटीला लाव रं बाळा. आज गाल दुखत्यात."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, नावं अगदी बरोबर जागेवर. वस्तादांनी तो चौकटीत बसवून तालमीत लावला. त्या फोटोमुळे वाईट असं काही झालं नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. कुणी आमचं काम काढून घेतलं नाही. फक्त लांबच्या पेठांतले लोक म्हणायला लागले, "तुम्ही मुसलमान व्हय? आमाला ठावंच न्हवतं की." नवरदेवाला फेटा बांधून झाला की पूर्वी घरची बाई अब्बांनाही गंध लावून नारळ द्यायची. आता ती बोट कुंकवात बुडवून थबकायची आणि विचारायची, "चालतंय न्हवं तुमास्नी?" विचारणं चांगलंच. पण आधी कुणी विचारत नव्हतं. परवा पंचाहत्तरीला घरोघर झेंडे लागले, मीही गॅलरीत लावला. नातवानं माझा झेंड्याबरोबर फोटो काढला आणि म्हणाला, "दादी, जरा डोक्यावरून पदर घे ना, छान दिसेल." मी घेतला. वाद घालायचं वय आता राहिलं नाही.

दत्तूला पुढच्याच महिन्यात मुलगी झाली, जिवंत आणि चांगली किंचाळणारी. त्यानं पिरापुढे दाढी उतरवली. चित्ररथ मात्र तेवढ्यावर थांबला नाही. लोकांना आवडला म्हणून तो दर झेंड्याला निघायला लागला. दिवस काही सुधारले नव्हते. कधी संप, कधी आणीबाणी, कधी कुठल्या तरी गावात दंगल. जितकं बाहेर बिघडायचं तितका आमच्याकडचा ट्रक जास्त सजायचा. हिंदू दरवर्षी नवा असायचा, कारण हौशी पुष्कळ होते. मुसलमान म्हणून अब्बांनाच न्यायला जीप यायची. डिंकानं गाल सोलायचे, खपली धरायची, डाग जेमतेम जायचा, तोवर पुढचा झेंडा यायचा. एका वर्षी त्यांनी दाढी करणंच सोडलं. "चिकटवून चिकटवून कातडी ऱ्हाईना," ते अम्माला म्हणाले, "त्यापेक्षा आपलीच वाढवतो." फेटाही सुटला. आधी फक्त झेंड्याच्या दिवशी, मग रोजचाच. अम्मानं विचारलं तेव्हा म्हणाले, "काढायचाच, तर बांधायचा कशाला?" लोकांचे फेटे ते शेवटपर्यंत बांधत राहिले, डोक्यावर पांढरी टोपी घालून. मशिदीतले लोक म्हणाले, बाबालालभाई म्हातारपणी धर्माला लागले. माझ्या मुलांनी आजोबा बघितले ते तसेच.

माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी माहेरी आले होते. अब्बांना कमी दिसायला लागलं होतं, म्हणून झेंड्याच्या सकाळी त्यांचा हात धरून मीच त्यांना त्या शाळेच्या आवारात घेऊन गेले. साहेब नवे होते, अगदी तरुण. हातातला चहाचा कप तसाच धरून ते लगबगीनं पुढं आले आणि अब्बांकडे बघत राहिले. खरी पांढरी दाढी, मिशा कातरलेल्या, टोपी, गुडघ्याखालपर्यंत झब्बा.

"वा चाचा!" ते म्हणाले. "काय गेटअप केलाय! अगदी खरे वाटता हो."

"व्हय साहेब," अब्बा म्हणाले. "लय वर्सं झाली आता."

आणि आपल्याला ट्रकवर चढवता यावं म्हणून त्यांनी पोरांसमोर दोन्ही हात वर केले. मला त्या साहेबांचा राग आला नाही, तो कालचा पोरगा, त्याला काय माहीत. पण अब्बा मनापासून खूश झाले होते. त्याचा आला.